चिंचेनं धुतलेले हात

हळदीचे हात साबणानं धुवायचे नसतात. साबण लागला की पिवळ्याचं तांबडं होतं आणि ते दोन-दोन दिवस जात नाही. सांगलीत हळदीच्या वखारीत काम करणारी कुठलीही बाई हे सांगेल. कॉलेजातल्या एका ताईनं एका शनिवारी हीच गंमत काचेच्या नळीत करून दाखवली आणि टाळ्या वाजवा म्हणाली. आम्ही वाजवल्या. घरी रोज बघितलेली गोष्ट कॉलेजात बघायची आणि टाळ्या वाजवायच्या, असा तो वर्ग होता.

त्याला सगळे शनिवारचा वर्ग म्हणायचे. मार्केट यार्डामागच्या वस्तीतली आम्ही पोरं दुपारी कॉलेजात जायचो. प्रत्येक पोराला कॉलेजातली एक ताई किंवा एक दादा वाटून दिलेला असायचा. ते आम्हाला गणित शिकवायचे, नकाशे दाखवायचे, कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली ठेवून बघायला लावायचे, नखं कापायचे. शेवटी चुरमुरे-शेंगदाणे मिळायचे. आमची कणव कॉलेजला दर शनिवारी दोन ते पाच यायची. मी आज असं तोंड वाकडं करून सांगते खरी, पण तेव्हा मी शुक्रवारी रात्रीच केस विंचरून ठेवत असे.

माझ्या वाट्याला विजयमालाताई आली. फलटणकडची, ऊसवाल्यांची लेक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. पहिल्याच शनिवारी तिनं माझी सगळी माहिती विचारून घेतली. मी सांगितलं, आम्ही कवठे महांकाळकडचे, दुष्काळात सांगलीला आलो, वडील धोंडिराम यार्डात हमाल होते, त्यांच्या अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली आणि ते गेले, आई बायडाबाई वखारीत हळद निवडते. ताईला वाईट वाटलं. तिनं मला स्वतःची शाईची दौत दिली.

आम्ही वखारीलाच लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. खोली शेटजींची. भाडं नव्हतं, पण एक रीत होती. खोलीत राहणारी पोर मोठी झाली की तिनंही निवडायला बसायचं. हळकुंड एकीकडे, गड्डे एकीकडे, चुरा एकीकडे. नगरपालिकेची शाळा सातवीला संपायची आणि बहुतेक पोरींचं मोठं होणंही तिथंच सुरू व्हायचं. मी सातवीत होते. पुढं शिकायचं तर ती खोली सोडायला हवी होती, आणि खोली सोडून राहणार कुठं, याचं उत्तर आईजवळ नव्हतं.

उत्तर विजयमालाताईनं आणलं. साताऱ्यात मुलींचं एक वसतिगृह होतं. राहणं, जेवण, हायस्कूल सगळं फुकट. आमच्या शनिवारच्या वर्गातून दरवर्षी दोन मुली घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. वर्ग चालवणाऱ्या माने सरांनी परीक्षा घेतली. मी पहिली आले, वस्तीतल्या सुलाबाईची शालन तिसरी. दुसरी आलेली पोर मिरजेला मामाकडे जाणार होती. ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, आता तू गेलीसच म्हणून समज.

एकच गोष्ट राहिली होती. वसतिगृहाच्या प्रमुख कानिटकरबाई जानेवारीत साताऱ्याहून स्वतः येणार होत्या. आदल्या साली एका मुलीचा बाप वसतिगृहाच्या दारात तमाशा करून मुलीला ओढून घेऊन गेला होता. माझी पोर मला न विचारता नेली, असं म्हणत होता. तेव्हापासून बाईंनी नियम केला होता. बाप सभेला येत नाहीत, म्हणून मुलीच्या आईनं चारचौघांत उभं राहून सांगायचं की मी पाठवणार. आई उभी राहिली नाही तर मुलगी नाही.

ताईनं मला सांगितलं, रविवारी आईला घेऊन ये, सभा आहे. मी आईला सांगितलं, सभा आहे. आईनं विचारलं, सभेत काय करायचं असतं. मी म्हटलं, उठून एक वाक्य बोलायचं. आई आठवडाभर ते वाक्य पुटपुटत हळद निवडत होती.

माने सरांची अडचण वेगळी होती. त्यांनी मागं दोनदा पालकांची सभा बोलावली होती आणि दोन्ही वेळा सरांनी रिकाम्या सतरंजीपुढं भाषण केलं होतं. तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी तोडगा काढला. संक्रांत झालीच होती. सभा कशाला म्हणायचं, हळदीकुंकू म्हणा, तिळगूळ द्या, एकेक वाटी वाण द्या, बायका धावत येतील. कॉलेजच्या पोरी शनिवारी दुपारी वस्तीत घरोघर जाऊन कुंकू लावून बोलावणी करून आल्या. आमच्या खोलीला तेव्हा कुलूप होतं. आई वखारीत होती आणि मी कॉलेजात. ताई त्यांना म्हणाली, अंजनाच्या घरी जायला नको, तिला मी सांगितलंय.

माझे वडील नाहीत हे ताईला माहीत होतं. सभा आता हळदीकुंकवाची आहे हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्याच डोक्यात होत्या, पण त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं तिला सुचलं नाही. तिच्या घरात ऊस होता, चुलते फौजेत होते, सगळ्या बायका भरल्या कपाळाच्या होत्या. तिला कधी असं काही शेजारी ठेवून बघावंच लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पुढं गेले, कारण ताईनं लवकर बोलावलं होतं. आई मागून येणार होती. मी निघाले तेव्हा ती चिंच कोळून हात चोळत बसली होती. कोपरापर्यंत चोळत होती. नखांच्या कडा काडीनं साफ करत होती. नवरा गेलेल्या बाईच्या हातावर हळद दिसलेली लोकांना चालत नाही. वखारीत चालते, कारण तिथं ती मजुरी असते.

कॉलेजच्या दारात रांगोळी होती. ताईनं मला नवी रिबीन बांधली आणि हातात चांदीचं तबक दिलं. त्यात हळदीकुंकवाचा करंडा, तिळगूळ, अत्तरदाणी. म्हणाली, परीक्षेत पहिली आलीस म्हणून हा मान तुझा, तबक धरून इथं उभी राहा, मी एकेकीला लावते. तेव्हा मला कळलं की सभा म्हणजे काय आहे. मी तबक धरलं. हातातलं तबक कुठं ठेवायचं असतं आणि कुणाला काय सांगायचं असतं, ते मला येत नव्हतं.

बायका आल्या. सुलाबाई आली, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून. ताई बोट बुडवत होती, लावत होती, बायका हसत आत जात होत्या.

मग आई आली. धुतलेलं पांढुरकं पातळ, डोक्यावर पदर, दोन्ही हात स्वच्छ. पायऱ्यांपाशी येईपर्यंत ती ओठ हलवत होती. पहिल्या पायरीवर तिनं वर बघितलं. तबक बघितलं, मग तबक धरलेल्या मला. ताईनं तिला कधी बघितलेलं नव्हतं. ताई आपली बोट कुंकवात बुडवून, या या मावशी, म्हणत पुढं वाकली.

आईनं पदर पुढं ओढला आणि वळली. घाईनं नाही. काहीतरी विसरलं म्हणून माघारी चाललेल्या माणसासारखी गेली. ताई म्हणाली, अगंबाई, ही कोण. आणि मागून तीन बायका आल्या, त्यांना लावायला लागली. मी तबक खाली पडू दिलं नाही. मला काही वाटलं नाही. आजही तो क्षण आठवला की मला तबकाचं वजन आठवतं, दुसरं काही नाही.

आत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. समोर खुर्च्यांवर माने सर, कॉलेजच्या बाई आणि साताऱ्याच्या कानिटकरबाई. सरांनी नावं पुकारली. सुलाबाई उठली आणि, पाठवणार की, म्हणून लाजून बसली. मग सरांनी विचारलं, अंजनाची आई. कुणी उठलं नाही. कानिटकरबाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, आई आली नाही का.

मी म्हटलं, "आली होती. गेली."

कानिटकरबाईंनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, या लोकांचं असंच आहे, अगदी दारात येऊन माघार घेतात. बाईंनी मान हलवली. शालनबरोबर मग चौथी आलेली मुलगी घेतली. तिची आई दोनदा बोलली, एकदा बसून आणि एकदा उठून.

सभा संपल्यावर ताई माझा दंड धरून तरातरा वखारीत आली. रविवारचं काम नव्हतं, तरी आई हळकुंडांच्या ढिगापुढं बसून निवडत होती. चिंचेनं धुतलेले हात परत पिवळे झाले होते. ताई तिच्यावर तोंड टाकून मोकळी झाली. पोरीनं वर्षभर जीव काढला, तुम्हाला एक तास निघाला नाही, तुम्हाला पोरीचं काही आहे का नाही. आईनं तिला सगळं बोलू दिलं.

मग म्हणाली, "आले व्हते, ताई. तुमीच तर या म्हणलासा."

ताईनं माझा दंड सोडला.

"तुमी बोट म्होरं केलं. तबक माज्याच लेकीच्या हातात. लावून घेतलं तर गावानं तोंडात श्याण घातलं असतं. नको म्हणले असते तर पोरीचं त्वांड पडलं असतं सगळ्यांम्होरं. मग काय करू?" असं म्हणून आईनं एक गड्डा उचलला, बघितला आणि गड्ड्यांच्या ढिगात टाकला.

ताई तिथंच पोत्यावर बसली आणि रडली. आई रडली नाही, मी रडले नाही. ताईच्या पातळाला मागं पिवळा डाग पडला, तो आईनं तिला दाखवला आणि सांगितलं की साबण लावू नका.

पुढच्या आठवड्यात ताईनं आम्हा दोघींना एस.टी.नं साताऱ्याला नेलं. तिची खात्री होती की नुसतं कानावर घातलं की काम होईल. ज्यांची कामं आजवर होत आली त्यांना ही खात्री असते. वसतिगृह डोंगराच्या पायथ्याशी होतं. अजिंक्यताऱ्याची सावली अंगणात यायची. मुली रांगेत कपडे वाळत घालत होत्या. मी त्या मोजल्या नाहीत, पण माझी जागा त्यांच्यात कुठं असती, ते बघत होते.

कानिटकरबाईंच्या खोलीत आम्ही उभ्या राहिलो. ताई भडाभडा सगळं बोलली. आई त्या वेळी बाईंकडं बघत होती. पांढरं पातळ, गळा मोकळा, कपाळ मोकळं. सभेत मीही बाईंना बघितलं होतं, पण मला त्यांचा चष्मा आणि हातातलं घड्याळ तेवढं दिसलं होतं. शिकलेल्या बाईच्या कपाळाकडं कोण बघतं.

ताईचं संपल्यावर आई म्हणाली, "आवं बाई, तुमी बी माज्यासारख्याच की. मग तुमी आत कशा गेलासा?"

ताईनं आईचा हात दाबला. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला मागच्या दारानं नेलं होतं," त्या म्हणाल्या. "सर म्हणाले, बाई, पुढं गर्दी आहे. मला माहीत होतं पुढं काय आहे ते. मी काही बोलले नाही. मला असं नेहमीच मागून नेतात."

मग बाईंनी सांगितलं की जागा भरल्या आहेत, दिलेली जागा काढून घेता येणार नाही, त्या पोरींचाही काही गुन्हा नाही. पण पुढच्या वर्षी अंजनाची जागा राखून ठेवते. नियम मात्र मोडता येणार नाही, एकीसाठी मोडला तर उद्या दुसऱ्या कुणाचा बाप दारात येईल. जानेवारीत मी सांगलीला येईन, तुम्ही सभेला या.

आईनं विचारलं, "कुठल्या दारानं येऊ?"

बाईंनी चष्मा परत लावला. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि ताईला सांगितलं की शेवटची गाडी चुकवू नका.

सातवी संपली आणि मी निवडायला बसले. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हळकुंड एकीकडे, गड्डे एकीकडे. पहिल्यांदा नाकात जातं, मग जात नाही. शालन दिवाळीला घरी आली, तिनं इंग्रजी कविता म्हणून दाखवली, सगळे छान म्हणाले, मीही म्हटलं. मला तिचा हेवा वाटला असता तर मला बरं वाटलं असतं. हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं असतात. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा मेलेली असते, माणूस बसल्या जागी जातो. झाकण काढून ठेवायचं आणि वाट बघायची. माझं झाकण कुणी काढलं नव्हतं.

ताई शनिवारी यायची. मी वर्गातून सुटले होते, तरी वखारीच्या दारात बसून मला आठवीचं गणित शिकवायची. मी ऐकायचे, हात चालू ठेवायचे. तिनं माने सरांशी भांडण काढलं होतं, हे तिनंच सांगितलं. हळदीकुंकू बंद करा म्हणाली. सरांनी समजावून सांगितलं की बंद केलं तर एकही बाई येणार नाही, मग एकही मुलगी जाणार नाही. एकीच्या आईसाठी सगळ्यांचं नुकसान कसं करायचं. सर वाईट नव्हते.

जानेवारी आला. सभेच्या आदल्या दिवशी ताई आली ती खाली मान घालून. एरवी एवढी फटकळ बाई, पण शब्द जुळवत होती. म्हणाली, मावशी, यंदा सोय केलीय. नवरा नसलेल्या ज्या ज्या आया आहेत, त्यांना मागच्या दारानं घ्यायचं. तिथं कुणी तबक घेऊन नसेल. कुणाला कळणारही नाही. तुम्ही फक्त मागून या.

मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि नाही म्हणाली तर संपलं. मला वाटलं ती हो म्हणेल, आणि तेही मला नको होतं. वर्षभरानं पहिल्यांदा मला काहीतरी नको होतं. आई एवढंच म्हणाली, "बरं."

रविवारी वखारीत माल आला होता. आई पहाटेच कामाला बसली. मी चिंच भिजत घातली होती, ती तशीच राहिली. मी दोनदा सांगितलं, आये, वेळ झाली, हात धू. ती म्हणाली, तू हो म्होरं. मी कॉलेजच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथं सायकली होत्या, मोडकी बाकं होती. दोन बायका आल्या, पदर सावरत, एकमेकींकडं न बघता आत गेल्या. कानिटकरबाईही तिथूनच गेल्या. मला बघून थांबल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. आई आली नाही.

आत सरांचा आवाज सुरू झाला तशी मी धावत इमारतीला वळसा घालून पुढं आले. आई समोरच्या रस्त्यानं येत होती. कामावरचं लुगडं, डोक्यावर पदर, आणि कोपराच्या वरपर्यंत दोन्ही हात पिवळेधमक. कपाळावर घाम पुसल्याची जागा, तीही पिवळी. पायऱ्या चढली. या वर्षी तबक तिसरीच कुणी पोर धरून उभी होती आणि कॉलेजची एक नवीन ताई बोट बुडवत होती. बोट पुढं आलं.

आईनं दोन्ही हात उताणे करून तिच्यापुढं धरले.

"नको पोरी. सकाळधरनं लागलीच हाय. तुमच्या करंड्यात हाय न्हवं, ती बी आमीच निवडल्याली."

ती नवीन ताई तशीच उभी राहिली, बोट हवेत. आई तिच्या बाजूनं आत गेली. मी मागोमाग गेले. सतरंजीवरच्या बायका वळून बघू लागल्या. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. पहिल्या रांगेत सुलाबाई बसली होती, ती थोडी सरकली. जागा द्यायला सरकली का लांब व्हायला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी तिला नंतरही विचारलं नाही. आई तिथं बसली. खुर्चीवरच्या कानिटकरबाई तिच्या हातांकडं बघत होत्या.

सरांनी नाव पुकारण्याआधीच आई उठली. गेल्या वर्षीचं ते वाक्य तिच्या तोंडात तसंच होतं.

"मी बायडाबाई धोंडिराम. माजी लेक मी साताऱ्याला पाठवणार हाय."

बाई म्हणाल्या, बरं. बाकीच्या नावांकडं माझं लक्ष नव्हतं. सभा सुटल्यावर सर बाईंना घेऊन मागच्या दाराकडं वळले. बाई म्हणाल्या की मी इकडून जाते, आणि आईच्या मागोमाग पुढच्या दारानं बाहेर पडल्या. रांगोळी विस्कटली होती.

घरी आल्यावर आईनं भिजवलेली चिंच उकिरड्यावर टाकली. कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली आणि मोरीत बसून हात धुतले. मी म्हटलं, आये, साबण नको. तिनं ऐकलं नाही. फेस तांबडा झाला, हात तांबडे झाले, कोपरापर्यंत लालभडक. तिनं ते हात न्याहाळले नाहीत की लपवले नाहीत. लुगड्याला पुसले आणि चुलीपुढं जाऊन पीठ मळायला घेतलं.

मी उंबऱ्यात बसले होते. तिथं मला रडू आलं. वर्षभराचं सगळं एकदम आलं, तबकाचं, शालनच्या कवितेचं, मागच्या दारापाशी उभी राहिले त्याचं. आईनं मागं वळून बघितलं नाही. भाकरी थापत होती. तव्यावरच्या भाकरीवर तिच्या बोटांचे तांबूस ठसे उठले होते.

"रडून झालं की पाणी घे," ती म्हणाली. "भाकरी गार व्हतीया."